केरबाच्या बायकोला रंगाची सुई

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाचं नाव सांगत नाही. गावानेच तशी विनंती केली आहे.

केरबा आळशी नव्हता. खोटं बोलत नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला खोड एकच होती. सांगितलेलं तो ऐकायचा. तुम्ही म्हणाल, ही कसली खोड? मग तुमची केरबाशी गाठ पडलेली नाही. आपण सगळे सांगितलेलं निम्मं ऐकतो, निम्मं सोडून देतो, आणि त्यावर संसार चालतो. केरबा काहीच सोडत नसे.

त्याच्या बायकोचं नाव हौसा. ती हुशार होती. रोज सकाळी चहाबरोबर ती त्याला दिवसभराची कामं सांगायची, आणि प्रत्येक कामाला शेपूट जोडायची. "म्हशीला हौदावर न्या. पाणी पाजा. आन् माघारी आणा. तितंच सोडून येऊ नगा." या शेपटावर त्यांची तेवीस वर्षं सुरळीत गेली.

मग हौसाच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने ओवा खाल्ला. मग शेक घेतला. मग दुखणं लपवलं. शेवटी तिची पाटली कोपरापर्यंत वर सरकायला लागली, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "डावीकडे गाठ आहे. साधी आहे की वाईट आहे, हे फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. जिल्ह्याला मोठं मशीन आहे. रंगाची सुई टोचून फोटो काढतात. महिन्याच्या आत काढा. लांबवू नका."

त्या दिवशी एसटीत केरबा खिडकीबाहेर बघत होता. हौसाने विचारलं, "कसला इच्यार करताय?"

"तू नसलीस तर मला सकाळी कोण सांगणार?" केरबा म्हणाला.

हौसाने पदराने खिडकीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

ठरल्या दिवशी दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. मशीन चालवणाऱ्या साहेबांचं आडनाव चिकोडे. त्यांनी अकरा वर्षांत हजारो पेशंटचे फोटो काढले होते. माणसाची किडनी ते लांबून ओळखत. तोंड मात्र त्यांनी फारसं कुणाचं पाहिलेलं नव्हतं, कारण ते कायम पडद्याकडे बघत. सांगायचं ते सांगत, पण पडद्यालाच सांगत.

"शिरेतून रंग सोडणार," ते पडद्याला म्हणाले. "रंग गेला की तोंडाला लोखंडासारखी चव येईल. मग अंग गरम होईल, भाजल्यासारखं. मग कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही. तसं नुसतं वाटतं. झालेलं काही नसतं. हात डोक्यावर घेऊन एक मिनिट गप पडून राहायचं. आपोआप जातं."

"आपोआप जातं," केरबा म्हणाला.

"सकाळी काही खाल्लंय का?"

"दोन भाकरी," हौसा म्हणाली.

चिकोडे साहेबांनी पहिल्यांदाच मान वळवली. "अहो, रंग टोचला की उलटी होऊ शकते. सुईच्या आधी चार तास पोटात काही नको. कागदावर लिहिलं होतं की!"

लिहिलं होतं. मागच्या बाजूला, इंग्रजीत.

"आता दहा दिवसांनी या. आणि मामा, लक्षात ठेवा. सुई टोचायची असली की उपाशी ठेवायचं."

केरबाने मान हलवली. आणि केरबाच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट तिथे घर बांधून राहत असे.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी शेजारची छबू तिचं तान्हं केरबाच्या मांडीवर देऊन धुण्याला गेली. दीड तासाने परत आली. पोर रडून रडून निळं व्हायला आलं होतं.

"ओलं केलं का वो भावजी त्येनं?"

"न्हाई," केरबा म्हणाला. "मलाबी तसं वाटलं. पर तसं नुसतं वाटतंय. झालेलं काय नसतंय."

छबूने दुपटं पिळलं. त्यातून धार लागली. केरबाचं धोतरही पिळण्याजोगं होतं. छबूने पोराला उचललं आणि बोट नाचवत म्हणाली, "ओलं लागलं की वाट बघायची न्हाई! हाताला लागंल त्ये कापड घ्यायचं आन् गुंडाळायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. त्याला वाईट वाटलं. पोराचं त्याला खरंच वाईट वाटलं.

पुढे सप्त्याचा शेवटचा दिवस आला. गावाला महाप्रसाद. मसालेभात आणि कढी. ईश्वरा आचाऱ्याने देवळाच्या माळ्यावरून पितळेचा मोठा हंडा उतरवला. त्याची कल्हई कुणाच्या काळात उडाली होती ते देवालाच ठाऊक. बिनकल्हईच्या पितळेत आंबट घातलं की कळकतं, हे घरातल्या सुनेलाही कळतं. पण कल्हईवाला यंदा आला नाही, कमिटी म्हणाली एका दिवसाने काय होतंय, आणि ईश्वराला नेमकी सर्दी. चव ना वास. नैवेद्य दाखवून झाल्यावर त्याने समोर दिसला त्याला हाक मारली. समोर केरबा दिसला.

"केरबा, कढीची चव बघ रं जरा."

केरबा पळीभर कढी प्यायला. तोंड वाकडं झालं. जिभेवर खिळा ठेवल्यागत लागलं.

"कशी हाय?"

केरबाने हाताने थांब अशी खूण केली. मग तो देवळाच्या ओट्यावर उताणा झाला. हात डोक्यावर घेतले. एक मिनिट गप पडून राहिला. मग उठून म्हणाला, "गेली."

"काय गेली?"

"चव."

ईश्वराला वाटलं, चवीने धुंद होऊन पडला. त्याने वाढपींना हाळी दिली.

दोनशे माणसं जेवली. त्यांतली एकशे ऐंशी त्या दिवशी परत परत शिवाराकडे गेली. उरलेली वीस घरीच होती, कारण त्यांना शिवारापर्यंत जाता येत नव्हतं. सरपंच बांधावर बसून होते आणि ग्रामसेवक त्यांच्या शेजारच्या बांधावर, आणि गावात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नावर दोघांचं एकमत झालं होतं. डॉक्टर आणावा लागला. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. आचाऱ्याची अब्रू तेवढी गेली.

ईश्वरा पोट धरून केरबाकडे आला. "अरं, लोखंडाची चव लागली व्हती तुला?"

"लागली व्हती की."

"मग बोलला का न्हाईस?"

"साहेब म्हणालं, आपोआप जाती."

ईश्वराने कपाळाला हात लावला. कढीसाठी हंडा कुणी काढला, हा प्रश्न त्याने विचारला नाही. "अरं बाबा, तसली चव लागली की दोन्ही हात वर करून वराडायचं! थांबवा, थांबवा! म्हणायचं. काय बी चालू असू दे, बंद पाडायचं. घुसलं का डोस्क्यात?"

"घुसलं."

खरोखरच घुसलं.

दुखण्यातून गाव उठलं, तोवर ढोरांचा डॉक्टर आला. लाळ-खुरकताची सुई घेऊन. तो येणार हे आदल्या दिवशीच गावात कळलं होतं. सुई म्हणताच केरबाला आपलं कर्तव्य आठवलं. त्याने रात्रीच म्हशीपुढची वैरण काढून घेतली. चार तास कधी सुरू होतात आणि कधी संपतात याचा नेम नको म्हणून त्याने सकाळचीही दिली नाही. डॉक्टर आला दुपारी. तोवर म्हैस दावं तोडून शेजारच्या शेतातल्या शिदूतात्यांच्या मक्यात उतरली होती. तिने मका खाल्ला, मक्याच्या कडेची भेंडी खाल्ली आणि दोरीवर वाळत घातलेला शिदूतात्यांचा सदराही खाल्ला. सुई टोचायला तीन माणसं आणि एक दोर लागला. त्या सांजेला तिने दूध दिलं नाही.

हौसा भिंतीला टेकून बसली होती. तिचं पोट दुखत होतं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "अवं, मुका जीव त्यो. उपाशी जीव समोर दिसला की आदी घास घालायचा. मग सुई असू दे न्हाईतर काय बी असू दे."

"आदी घास," केरबा म्हणाला.

"व्हय."

नेहमीप्रमाणे शेपूट जोडायला हवं होतं. 'मला सोडून' असं म्हणायला हवं होतं, आणि ते ती म्हणालीही. "मला सोडून हं. मला उपाशीच ऱ्हायचं हाय." पण दुखणाऱ्या पोटाने शेपूट किती लांब जोडणार?

दहा दिवसांनी दोघं परत दवाखान्यात. हौसाने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाकावर आणखी सात पेशंट बसले होते. सगळे रंगाच्या सुईचे. सगळे उपाशी. एक म्हातारे मास्तर होते, एक पोलीस होता, एक नवी नवरी होती, आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. हौसाला रक्त द्यायला आत बोलावलं. किडनी नीट चालते ना, ते आधी बघतात. रंग शेवटी तिलाच बाहेर काढायचा असतो.

केरबा बाकावर एकटा. मांडीवर भाकरीचं फडकं. समोर सात उपाशी जीव.

हौसा पंधरा मिनिटांनी बाहेर आली. मास्तर बोटं चाटत होते. पोलीस ठेच्याने हुळहुळलेल्या जिभेने हवा ओढत होता. नवी नवरी म्हणत होती, "मामा, अजून चतकोर आहे का?" फडकं रिकामं होतं. केरबा एवढ्या समाधानाने बसला होता की हौसाला रडायलाच आलं.

चिकोडे साहेब दारात आले आणि त्यांनी पडद्याला विचारावं तसं बाकाला विचारलं, "काही खाल्लंय का कुणी?"

"भाकरी," सातजण एका सुरात म्हणाले.

"आणि वांगं," मास्तर म्हणाले. मास्तर खरं बोलणारे होते.

सात फोटो रद्द झाले. आता तुम्ही म्हणाल, हौसा तर उपाशी होती, तिचा काढायचा. आम्हीही तेच म्हणालो. पण रंग टोचताना मोठे डॉक्टर हजर लागतात. कुणाच्या अंगावर पित्त उठतं, कुणाला दम लागतो, तेव्हा ते जवळ हवेत. आणि यादीत एकच पेशंट उरला म्हटल्यावर डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात निघून गेले. एका पेशंटसाठी थांबायचं नाही, असा नियम होता. नियम शहाण्या माणसांनी केला होता. केरबाला त्यात विचारलं नव्हतं.

"आणखी दहा दिवसांनी," चिकोडे म्हणाले. "आणि हे मामा बाहेर बसणार नाहीत. ते माझ्यासमोर बसतील."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला महिना आता संपत आला होता. ही तारीख गेली तर पुढची नव्हती. हौसाची पाटली हातातून गळून पडायला लागली. ती तिने उतरवून डब्यात ठेवली. एकदा तिने केरबाला समोर बसवून भाकरी थापायला शिकवली. "येत आसलेलं बरं," ती म्हणाली. केरबाने भाकरी थापली. ती गोल झाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काहीतरी धड झालं आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

मग गंजी पेटली.

शिदूतात्यांनी उसाचं पाचट पेटवलं होतं. वारं फिरलं, ठिणगी आली आणि केरबाच्या कडब्याच्या गंजीला लागली. केरबा गंजीच्या सावलीला बसला होता. पाठ गरम झाली. मग भाजल्यासारखं वाटलं. केरबा ओळखीचं हसला. सरकून थोडा बाजूला झाला, उताणा पडला, हात डोक्यावर घेतले आणि आकडे मोजू लागला.

शिदूतात्या बोंबलत धावत आले. "केरबा! अरं गंजी पेटलीया!"

"तसं वाटतंय तात्या," केरबा पडल्या पडल्या म्हणाला. "एक मिनिट कळ काढा. एकतीस. बत्तीस."

चाळीसपर्यंत अर्धी गंजी गेली. साठपर्यंत तात्यांची उजवी मिशी गेली. गावाने विहिरीपासून रांग लावली, बादल्या चालवल्या, तेव्हा कुठे गोठा वाचला. तात्या काळे ठिक्कर पडले होते. त्यांनी केरबाला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. सहसा ते केरबाला शांतपणे समजावत. पण अर्ध्या मिशीने माणूस किती शांत राहणार?

"भाजतंय म्हणजे भाजतंयच! तुला भाजू दे, न्हाईतर दुसरं कोन भाजतंय म्हणू दे. इच्यार करायचा न्हाई! इचारायचं न्हाई! दिसंल ती बादली उचलायची आन् वतायची! काय करायचं?"

"वतायची."

"जलमभर ध्येनात ठेव."

तिसऱ्यांदा दोघं दवाखान्यात गेली, तेव्हा केरबाचं डोकं नव्या ज्ञानाने गच्च भरलेलं होतं. जुनं साहेबांनी सांगितलेलं चूक निघालं होतं. तीनदा चूक निघालं होतं. आता त्याला बरोबर काय ते माहीत होतं.

चिकोडे साहेबांनी त्याला काचेच्या अलीकडे, आपल्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसवलं. काचेच्या पलीकडे मशीन. मोठं, पांढरं, मधे भोक असलेलं, जात्यासारखं. त्या भोकात हौसाला निजवलं. हात डोक्यावर. दंडात सुई. हौसाने मान वळवून काचेकडे पाहिलं. तिला दिसतोय का नाही कुणास ठाऊक, पण केरबाने हात हलवला. तिचं बोलणं एका छोट्या भोंग्यातून अलीकडे ऐकू येत होतं. दाराशी फरशी पुसणाऱ्या बाईंची पत्र्याची बादली होती. फिनेलच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. बाई चहाला गेल्या होत्या.

"काही खाल्लंय का?" चिकोडेंनी पडद्याला विचारलं.

"न्हाई," भोंगा म्हणाला.

"छान. रंग सोडतोय."

रंग गेला. केरबा भोंग्याला कान लावून बसला.

"तोंडाला कसंतरी लागतंय," हौसाचा आवाज आला. "लोखंडावानी."

केरबा दोन्ही हात वर करून उभा राहिला. "थांबवा! थांबवा!"

"खाली बसा मामा," चिकोडे पडद्याला म्हणाले. "तशी चव येते. जाते आपोआप."

"कढीच्या येळंलाबी असंच म्हणालासा!" केरबा ओरडला. चिकोडे साहेबांनी आयुष्यात कढीविषयी कधी काही म्हटलं नव्हतं. पण चित्रं यायला सुरुवात होणार होती. त्यांनी मान वळवली नाही.

"आई गं," भोंगा म्हणाला. "अंग भाजायला लागलं. पार पायापातूर भाजतंय."

केरबासमोर हौसा होती, तेवीस वर्षांच्या संसारातली त्याची हौसा, भाजत होती, आणि शेजारचा माणूस खुर्चीवर बसून तिचा फोटो काढत होता. केरबाने बादलीकडे पाहिलं.

तेवढ्यात मशीनच बोललं. बाईच्या आवाजात, अगदी साळसूद. "श्वास घ्या. श्वास रोखून धरा."

केरबाने श्वास घेतला. रोखून धरला. सांगितलं म्हटल्यावर धरायलाच हवा. गाल फुगवून, डोळे मोठे करून त्याने बादली उचलली, दार खांद्याने ढकललं आणि आत पळाला. मशीन घरघर फिरत होतं. हौसा खालच्या फळीसकट एक फूट बाहेर सरकली. केरबाने विचार केला नाही. विचारलं नाही. ओतली.

एकदम शांत झालं. घरघर थांबली.

"अवो," भोंग्यातून बारीक आवाज आला, "सगळं वलं झाल्यावानी वाटतंय."

चिकोडे साहेबांची नजर पडद्यावरच होती. त्यांनी सवयीने बटण दाबलं. "तसं नुसतं वाटतं, मावशी. झालेलं काही नसतं. एक मिनिट गप पडून राहा."

"फिनेलचा वास येतोय."

चिकोडे साहेबांचं बोट बटणावर थांबलं. अकरा वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मग पडदा काळा झाला. पाहण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी काचेतून पाहिलं.

जिल्ह्यातल्या एकुलत्या एका मशीनमधून पाणी ठिबकत होतं. ठिबकत होतं तिथे धूर निघत होता. केरबा शेजारी उभा होता, हातात रिकामी बादली, गाल फुगलेले, तोंड लाल. चिकोडे धावत आले. "हे काय केलंत? अहो, काय केलंत हे? बोला ना!"

केरबा बोलेना. त्याचं तोंड जांभळं पडायला लागलं. चिकोडेंना वाटलं, याला शॉक बसला. ते "डॉक्टर! डॉक्टर!" म्हणून दाराकडे पळाले.

हौसा ओलीचिंब उठून बसली. केसांतून फिनेल गळत होतं. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं समजलं. मशीन 'सोडा' म्हणायच्या आधीच मेलं होतं.

"सोडा आता श्वास," ती म्हणाली.

केरबाने सोडला. गुडघ्यावर हात टेकून दोन मोठे दम घेतले. "मला वाटलं, तू जळतीयास," तो म्हणाला आणि मोठ्याने रडायला लागला. मग त्याला ती ओली आहे हे दिसलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वाट न बघता तिला गुंडाळला. छबूने सांगितलं होतं तसा. इतक्या धड्यांतला तेवढा एक योग्य जागी लागला.

मोठे डॉक्टर आले. ते आधी हौसाकडे गेले, मग मशीनकडे, मग भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. दुसऱ्या खोलीतला संगणक कोरडा होता. त्यावर त्यांनी फोटो उघडले. सगळे आले होते. बादली पडायच्या आधीच सगळे आले होते. शेवटच्या फोटोत मात्र वरच्या कोपऱ्यात एक पांढरी चकचकीत वस्तू होती, तिच्यातून किरणं फुटत होती.

"ही बादली आहे," डॉक्टर म्हणाले. मग खाली बोट नेलं. "आणि ही तुमची गाठ. कडा स्वच्छ आहेत. कुठे पसरलेली नाही. मला तर साधी वाटते. काढून टाकू."

ती साधीच निघाली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, नीट झालं आणि हौसाची पाटली सहा महिन्यांत पुन्हा मनगटावर अडकून बसू लागली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला कुणाचं तोंड उतरलेलं नको.

सगळे फोटोभोवती जमले होते. केरबा हात जोडून उभा होता, कुणाला जोडतोय हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. एवढ्यात नवी पाळी सुरू झाली आणि एक नर्सबाई आल्या. त्यांना घडलेलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या हातातल्या कागदाकडे बघत आल्या आणि कागदालाच म्हणाल्या, "रंगाचा पेशंट कोणाचा? तुमचा का मामा? बाईंना अर्धा तास इथेच बसवा. अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, दम लागला, तर हाक मारा. आणि पाणी भरपूर. रंग धुऊन निघायला हवा. पाणी कमी पडू देऊ नका."

केरबाने रिकाम्या बादलीकडे पाहिलं. त्याला बरं वाटलं. म्हणजे चुकलं नव्हतं तर.

"एक बादली झाली," तो म्हणाला.

नर्सबाईंनी कागदावर खूण केली. मान वर केली नाही. "तेवढ्याने काय होतंय? संध्याकाळपर्यंत चालू ठेवा."

"बरं," केरबा म्हणाला आणि नळाकडे गेला.

मशीन आता बंदच होतं, त्यामुळे दुसऱ्या बादलीने मशीनचं काहीच बिघडलं नाही. दुसरा संगणक तेवढा चालू होता, आणि डॉक्टर त्याच्यासमोर वाकून हौसाला गाठ दाखवत होते.